एक पैसा, एक मूठ, एक तिकीट



या स्मरणिकेसाठी मी काय लिहायचे हे समितीने आधीच ठरवून टाकले होते. मेळाव्याच्या संध्याकाळी आपण जो कार्यक्रम करणार आहोत, त्यातून शाळेसाठी निधी उभा करायचा आहे. दूरच्या पाड्यांवरून येणाऱ्या मुलींच्या राहण्याजेवणाची सोय हा त्याचा हेतू. २०११ च्या जनगणनेत आपल्या जिल्ह्याची साक्षरता सुमारे ६४ टक्के होती, म्हणजे राज्यात सर्वांत कमी. मुलगी आठवी-नववीत शाळेतून गळते ती बहुधा अभ्यासापायी नाही, अंतरापायी आणि घरच्या अडचणीपायी, हे आपण वर्गात बसून पाहिले आहे.

हेतूबद्दल ग्रुपवर कुणाचेच दुमत नव्हते. वाद झाला तो रीतीबद्दल. काहींचे म्हणणे असे, की आपल्यातले पाच-सहा जण मनात आणले तर एका रात्रीत सगळी रक्कम भरतील. मग तिकिटे, स्टॉल, पावतीपुस्तके हा खटाटोप कशाला? काहींचे म्हणणे, सगळ्यांकडून घ्या, थोडे का होईना. दोन्ही बाजूंना आपापले तर्क होते. मी संगणकाच्या धंद्यातली. आमच्याकडे एखादी नवी गोष्ट बांधण्याआधी पूर्वी कुणी ती बांधली होती का, ती कशी चालली आणि कुठे अडली, हे बघायची पद्धत आहे. तेच येथे केले. महाराष्ट्रात लोकांकडून पैसा गोळा करून संस्था उभ्या राहिल्या, त्याला सव्वाशे वर्षांहून अधिक काळ झाला. आपला वाद त्यांनी आपल्या आधीच घातलेला आहे.

सुरुवात आपल्या खानदेशापासून करू. अमळनेरचे प्रताप शेठ हे मोठ्या देणगीचे आपल्याकडचे ठळक उदाहरण. १९०६ मध्ये त्यांनी प्रताप मिल काढली, १९१६ मध्ये तत्त्वज्ञान मंदिर उभे केले, आणि १९४५ मध्ये प्रताप महाविद्यालय सुरू झाले. अमळनेरच्या हायस्कुलालाही त्यांचेच नाव आहे. एका माणसाच्या तिजोरीतून एका तालुक्याच्या गावाला एवढे मिळाले, म्हणून मोठ्या देणगीला कमी लेखण्यात अर्थ नाही. पण त्याच प्रताप हायस्कुलात १९२४ ते १९३० या काळात साने गुरुजी शिक्षक होते आणि छात्रालय सांभाळत होते. आज अमळनेरच्या शाळेचे नाव काढले की महाराष्ट्राला आधी गुरुजी आठवतात. इमारत पैशाने उभी राहिली. तिच्यात मुले टिकली ती कुणीतरी रोज त्यांच्यापाशी गेल्यामुळे. आपण मुलींच्या राहण्याची सोय करतो आहोत, तेव्हा हे ध्यानात ठेवावे.

आता अगदी उलट टोक. विसाव्या शतकाच्या आरंभी अंताजी दामोदर काळे यांनी ‘पैसा फंड’ काढला. कल्पना इतकी साधी, की ऐकणारा हसेल. प्रत्येकाने वर्षाला एक पैसा द्यायचा, आणि त्या पैशातून देशी उद्योग उभा करायचा. लोकमान्य टिळकांनी ही कल्पना उचलून धरली. १९०८ मध्ये या फंडातून तळेगाव दाभाडे येथे काचेचा कारखाना सुरू झाला. जपान आणि अमेरिकेत काचकाम शिकून आलेले ईश्वरदास वार्ष्णेय तिथे आले. काच बनवण्याबरोबर काच बनवणारे कारागीर घडवणे हेही या कारखान्याचे काम होते, आणि तिथे शिकलेली माणसे पुढे इतर ठिकाणी गेली.

या फंडाचे गणित मी मांडून पाहिले. तेव्हाच्या रुपयात ६४ पैसे. एक लाख माणसांनी एकेक पैसा दिला तर होतात १,५६२ रुपये ८ आणे. आता दुसरी बाजू बघा. एखादा स्वयंसेवक दिवसभर हिंडून दोनशे जणांपर्यंत पोचला, तर संध्याकाळी त्याच्या डब्यात ३ रुपये २ आणे. म्हणजे लहान वर्गणीत देणाऱ्याला तोशीस लागत नाही. ती सगळी गोळा करणाऱ्याच्या पायांना लागते. मग काळ्यांनी आणि त्यांच्या सोबत्यांनी असा तोट्याचा वाटणारा मार्ग का धरला? कारण तो डबा घेऊन जाणारा माणूस नुसता पैसा आणत नव्हता, तो दोनशे दारांत एक गोष्ट सांगून येत होता. स्वदेशीवर व्याख्यान ऐकायला न जाणाऱ्या माणसालाही पैसा देताना विचारावे लागे, हा कशाचा पैसा? वसुली हाच प्रचार होता. आणि पैसा दिलेल्याला तळेगावची काच आपली वाटे, कारण तिच्यात त्याचा एक चौसष्टांश रुपया होता.

आज आपल्या हातात क्यूआर कोड आहे. काळ्यांना पायपिटीचा जो खर्च येत होता तो आमच्या क्षेत्राने जवळपास शून्यावर आणला. दहा रुपयेसुद्धा धडगावहून पुण्याला एका क्षणात जातात. पण पायपीट वाचली तशी दारात उभे राहून सांगायची ती गोष्टही गेली. ग्रुपवर टाकलेला कोड ज्याला आधीच द्यायचे आहे त्याच्याकडून पैसे आणतो. ज्याला ठाऊकच नाही, किंवा जो ग्रुपवरच नाही, त्याच्यापर्यंत तो पोचत नाही.

प्रचाराचे आपल्याकडचे सर्वांत मोठे उदाहरण १९३६ चे आहे. काँग्रेसचे खेड्यात भरलेले पहिले अधिवेशन त्या डिसेंबरात फैजपूरला झाले. अध्यक्ष होते जवाहरलाल नेहरू. शहराचे सभागृह नाही, मोठी बाजारपेठ नाही, अशा जागी बांबू-चटयांचे नगर उभे राहिले. त्याची सजावट नंदलाल बोस यांनी केली. या अधिवेशनासाठी साने गुरुजी खानदेशातली गावे हिंडले. तेव्हा आपला भाग पश्चिम खानदेशात होता, फैजपूर पूर्व खानदेशात. कार्यक्रम ज्यांच्यासाठी आहे त्यांच्या गावी आधी आपण जायचे, मग त्यांना बोलवायचे, हा फैजपूरचा धडा. निमंत्रणपत्रिका छापणे हे त्यानंतरचे काम.

कार्यक्रमाला आकडा आणि तारीख का लागते, हे १९२१ च्या टिळक स्वराज्य फंडावरून कळते. बेझवाड्याला ठरले, की ३० जूनपर्यंत एक कोटी रुपये जमवायचे. हातात तीन महिने. फंड पूर्ण झाला, आणि त्यात मुंबईचा वाटा फार मोठा होता. ‘जमेल तेवढे जमवू’ असे म्हटले असते तर तो आकडा गाठला गेला असता असे मला वाटत नाही. मुदत आणि रक्कम जाहीर झाली की प्रत्येक गाव आपापला हिस्सा मोजू लागते.

आता ज्यांच्याकडून मला सर्वांत जास्त शिकायला मिळाले ते धोंडो केशव कर्वे. तरुणपणी त्यांनी आपल्या मुरुड गावासाठी ‘मुरुड फंड’ काढला होता. गाव सोडून नोकरीला मुंबईला गेलेल्यांनी आपल्या मिळकतीतला लहानसा भाग गावाच्या कामासाठी बाजूला ठेवायचा, ही त्यामागची कल्पना. म्हणजे आपण आज जे करायला निघालो आहोत तेच, एकोणिसाव्या शतकात. पुढे १८९६ मध्ये त्यांनी अनाथ बालिकाश्रम काढला आणि १९०० मध्ये तो हिंगण्याला झोपडीत नेला. विधवेशी पुनर्विवाह केला म्हणून ज्यांच्यावर बहिष्कार पडला होता, तेच अण्णा विधवांच्या शिक्षणासाठी दारोदार जात. कॉलेजात गणित शिकवायचे, पायी हिंगण्याला जायचे आणि सुट्टी लागली की वर्गणीच्या दौऱ्यावर निघायचे, असा त्यांचा क्रम होता. आश्रमाचा हिशेब ते चोख ठेवत. ज्यांना त्यांचे मत पटत नव्हते, त्यांनाही त्यांच्या हिशेबावर बोट ठेवता आले नाही. निधीसाठी याहून चांगली जाहिरात मला ठाऊक नाही.

१९१६ मध्ये अण्णांनी महिला विद्यापीठ सुरू केले. १९२० मध्ये विठ्ठलदास ठाकरसी यांनी त्याला १५ लाख रुपयांची देणगी दिली आणि विद्यापीठाला त्यांच्या मातोश्री नाथीबाईंचे नाव लागले. आपण ज्याला एसएनडीटी म्हणतो ते हेच. त्या काळात स्त्रियांच्या शिक्षणाला एवढी रक्कम देणे ही साधी गोष्ट नव्हती. पण मोठ्या देणगीबरोबर अटी येतात. ठाकरसींच्या मृत्यूनंतर त्यांचे विश्वस्त आणि विद्यापीठ यांच्यात मतभेद झाले आणि काही काळ ते उत्पन्न थांबले. सत्तरी ओलांडलेले कर्वे त्या सुमारास युरोप, अमेरिका, जपान आणि मग आफ्रिका असे हिंडून पुन्हा लोकांपुढे विद्यापीठाची गोष्ट मांडत होते. एकाच खांबावर छप्पर पेलले असेल तर तो खांब कितीही भक्कम असो, बाकीचे खांब लावून ठेवावेच लागतात.

रोख पैसा ज्यांच्याकडे नाही त्यांनी काय द्यायचे? याचे उत्तर कर्मवीर भाऊराव पाटलांनी दिले. १९१९ मध्ये रयत शिक्षण संस्था स्थापन झाली, १९२४ मध्ये साताऱ्याला वसतिगृह सुरू झाले. निरनिराळ्या जातींची मुले एकत्र राहत, एकत्र जेवत. ती जेवत होती कशावर? मुष्टिफंडावर. घरच्या बाईने स्वयंपाकाला धान्य काढताना एक मूठ बाजूला टाकायची. ते जमलेले धान्य वसतिगृहाला जायचे. वसतिगृहाची चूल पेटती राहावी म्हणून लक्ष्मीबाईंनी अंगावरचे दागिने दिले, हे आपल्याला शाळेत शिकवले गेले आहे. पण त्या रोजच्या मुठीची गोष्ट मला तितकीच मोठी वाटते. शेतकऱ्याच्या घरात रोकड हंगामालाच दिसते, धान्य मात्र रोज हाताशी असते. भाऊरावांनी लोकांच्या घरात जे होते तेच मागितले. मागणाऱ्याने देणाऱ्याच्या घरातली अडचण आधी ओळखली.

राहिला कार्यक्रम. तिकीट लावून नाटक करायचे आणि त्यातून निधी उभा करायचा, याचे आपल्या पिढीला जवळचे उदाहरण म्हणजे सामाजिक कृतज्ञता निधी. पूर्ण वेळ सामाजिक काम करणाऱ्या कार्यकर्त्यांना दरमहा काही मानधन मिळावे म्हणून हा निधी उभा राहिला. बाबा आढाव, डॉ. श्रीराम लागू, डॉ. नरेंद्र दाभोलकर ही माणसे त्यामागे होती. त्यांनी आचार्य अत्र्यांचे ‘लग्नाची बेडी’ निवडले. डॉ. लागू, निळू फुले, तनुजा अशा कलावंतांनी त्यात कामे केली आणि ठिकठिकाणी प्रयोग झाले.

या योजनेत तीन गोष्टी शिकण्यासारख्या आहेत. पहिली, नाटक विनोदी निवडले. काम गंभीर आहे म्हणून प्रेक्षकाला तीन तास गंभीर बसवायला हवे, असे त्यांनी मानले नाही. माणूस आधी नाटक बघायला येतो, मग निधी समजून घेतो. दुसरी, गावोगावचे कार्यकर्ते तिकिटे खपवत, त्यामुळे प्रत्येक प्रयोगामागे त्या गावातली माणसे कामाला लागली. तिसरी गोष्ट नावाची. त्यांनी ‘मदत’ म्हटले नाही, ‘दान’ म्हटले नाही, ‘कृतज्ञता’ म्हटले. दान वरून खाली येते. कृतज्ञता म्हणजे आधी आपल्याला काही मिळालेले आहे, त्याची फेड. शाळेसाठी देताना आपल्याला यापेक्षा नेमका शब्द सापडणार नाही.

आणि हे सगळे बाहेरून शिकायची गरज नाही. आपल्या सातपुड्यातल्या पाड्यांवर ‘लाहा’ची रीत आहे. कुणाचे घर बांधायचे, कुणाच्या शेतात निंदणी करायची, तर घरटी एक माणूस येतो आणि ज्याचे काम तो सगळ्यांना जेवू घालतो. त्यात मजुरी नाही आणि उपकारही नाहीत. आज तुझे, उद्या माझे. लाह्याला कोण किती काम करतो हे कुणी मोजत नाही. मोजतात ते इतकेच, की प्रत्येक घरचे कुणी आले की नाही.

येथे मला आपल्या वादाचे उत्तर सापडते. आपण दहावी झालो तेव्हा शाळेच्या पाटीवर ‘जिल्हा धुळे’ होते. १ जुलै १९९८ रोजी नंदुरबार जिल्हा झाला. त्या काळातला आपला हजेरीपट डोळ्यांपुढे आणा. ग्रुपवर आहेत त्यांच्यापेक्षा त्यात बरीच जास्त नावे होती. काही जण आठवीत गेले, काही नववीत. मुलींची लग्ने झाली. कुणी ऊसतोडीला गुजरातेत जातात, कुणी मिरचीच्या पथारीवर मजुरीला आहेत, कुणी घरची शेती बघतात. मेळाव्याचे निमंत्रण त्यांच्यापर्यंत गेले आणि त्यासोबत पाच हजारांची वर्गणी गेली, तर ते यायचे नाहीत. पाच-सहा जणांनी सगळे भरून टाकले, तर ते येतील, पण पाहुणे म्हणून. ज्यांची शाळा अर्ध्यावर सुटली, त्यांनाच शाळेच्या निधीत जागा नाही, असा निधी आपल्याला हवा आहे का? मुली गळू नयेत म्हणून आपण हे करतो आहोत. गळणे म्हणजे काय हे आपल्यात सर्वांत चांगले त्यांनाच ठाऊक आहे.

म्हणून समितीपुढे मी पुढील योजना मांडली आहे आणि येथे सर्वांपुढे ठेवते.

वर्गणीची किमान रक्कम नसावी. एक रुपयालाही तीच पावती, जी लाखाला. रोख नको असेल त्याने घरचे आणावे: नवापूरची तूरडाळ, धडगावचे आमचूर, नंदुरबारची मिरची. मेळाव्याच्या संध्याकाळी त्याचा स्टॉल लागेल आणि विक्री निधीत जमा होईल. ही आपली मूठ. नाटुकले, गाणी, नकला असा दोन तासांचा कार्यक्रम माजी विद्यार्थीच करतील. तिकीट गावातल्या कुणालाही परवडेल असे. देणाऱ्यांची यादी हजेरीपटाच्या क्रमाने लागेल, नावापुढे रक्कम नसेल. मात्र एकूण जमा किती, खर्च किती, शिल्लक किती, हा हिशेब शाळेच्या फलकावर लागेल आणि दरवर्षी लागत राहील.

आणि ज्या पाच-सहा जणांना मोठी रक्कम द्यायची आहे, त्यांनी ती जरूर द्यावी. फक्त एक विनंती. ती रक्कम हजेरीपटातल्या नावांना बांधावी. आपल्या वर्गातल्या जितक्या जणांनी एक रुपया, एक मूठ किंवा एक तिकीट एवढे तरी दिले असेल, त्या प्रत्येक नावामागे त्यांनी ठरलेली रक्कम घालावी. मग मोठ्या देणगीला लहान वर्गणीची गरज पडेल. ज्याला वाटते ‘माझ्या दहा रुपयांनी काय होणार’, त्याला कळेल की त्याचे दहा रुपये आल्याशिवाय दुसऱ्याचे दहा हजार येत नाहीत.

त्यासाठी एक काम आधी करावे लागेल. हजेरीपटातले प्रत्येक नाव शोधायचे आणि तिथवर जायचे, जमेल तिथे प्रत्यक्ष, नाही तर फोनवर. तालुक्यांप्रमाणे नावे वाटून घेऊ. जे नंदुरबार, शहादा, तळोद्यात आहेत त्यांनी जवळची गावे घ्यावीत. आम्ही पुण्या-मुंबईचे लोक दिवाळीला घरी येतो तेव्हा नवापूर, अक्कलकुवा, अक्राणी घेऊ. नावांचा तक्ता मी तयार केला आहे. कोण भेटले, कोण भेटायचे राहिले, हे त्यात रोज दिसेल. पैशाचा रकाना त्यात सर्वांत शेवटी ठेवला आहे.

सर, बाई, तुमच्याकडे एक मागणे आहे. जुने हजेरीपट शाळेच्या कपाटात असतील. कुठले नाव कुठल्या पाड्यावरचे, कुणाचे वडील काय करत, हे आजही तुमच्याइतके कुणाला आठवत नाही. एक संध्याकाळ आमच्यासाठी द्या. तुम्ही नावे वाचा, आम्ही पत्ते लिहून घेतो.